मिठाची पुडी

देवखेडी, घनसावंगीजवळ
आषाढ शुद्ध ३, शके १८५९

चि. गिरिधर यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. कार्डावर चार ओळी खरडल्या की भावाचं कर्तव्य उरकतं, असं हैदराबादेत शिकवतात वाटतं. एवढ्या मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर झालास, पण लहानपणचा चिक्कूपणा काही गेला नाही.

रजनी बाळंतपणाला आली आहे. सातवा लागला. नरहरराव भोकरदनहून गाडीत गादी घालून तिला स्वतः घेऊन आले आणि शाळा बुडते म्हणून लगेच परत गेले. जावई मास्तर, भाऊ डॉक्टर, आणि मला दोघांचाही उपयोग कार्डापुरता. पोरीच्या पायांवर सूज आहे, म्हणून दुर्गाबाई सुईणीने तिचं मीठ कमी करायला सांगितलं आहे. मी म्हटलं, ती एकटीच कशाला, मीही सोडते. येत्या एकादशीपासून चातुर्मासभर अळणी जेवायचा नेम धरणार आहे. पोर सुखरूप मोकळी होऊ दे, एवढंच त्याच्या बदल्यात. तुझे मेव्हणे गेल्यापासून देवाकडे काही मागितलं नव्हतं, तेव्हा एवढं तो ऐकेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गोदाकाठच्या गावांत पटकी लागली आहे. आपल्या गावात अजून नाही. इथल्या दवाखान्याचे डॉक्टर लस टोचायच्या कामावर अंबडला गेलेत. मागे एकटे बिहारीलाल कंपौंडर. हैदराबादचे कायस्थ, माणूस देवगुणी, पण तोंडात सगळी उर्दू. मी मराठीत बोलते, ते त्यांच्या बोलीत बोलतात, आणि दोघंही समजल्यासारख्या माना डोलावतो. ते म्हणत होते, "अक्काजी, नस में पानी चढाना मेरेकू आता. मगर इस बीमारी में कौनसा पानी देना, वो कोई बडे डाक्टरसाब कू पूछना पडता." म्हणून तुला विचारते. रजनीला दुसरीकडे हलवावं म्हटलं, तर रस्त्यातली गावंच रोगाने धरली आहेत. जे करायचं ते इथेच. मला समजेल असं लिही.

अक्का

मामा, आई पाकीट चिकटवायला चिकी आणायला आत गेली आहे तेवढ्यात लिहिते. ती आणि दुर्गाबाई मिळून मला अळणी वरण खायला घालतात आणि वर म्हणतात, गुणाची पोर. आता तर आईच मीठ सोडणार, म्हणजे आमच्या चुलीवरून मीठ हद्दपार. तुमच्या पत्रातून एक मिठाची पुडी पाठवा. उशाखाली ठेवीन आणि चोरून खाईन. डॉक्टरांनी पाठवलेली म्हटल्यावर आईला बोलता येणार नाही. रजनी.

*

हैदराबाद
ता. १६ जुलै १९३७

ती. अक्कास गिरिधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

या वेळी कार्ड नाही, चांगलं लांब पत्र आहे, आणि सोबत रेल्वेने पार्सलही. जालन्याहून ते सोडवून आणायला कुणाला तरी पाठव.

अक्का, पटकीत माणूस रोगाच्या विषाने जितका जातो, त्याहून जास्त अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने जातो. पिळून काढल्यासारखा होतो. डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात, नाडी हाताला लागत नाही. आम्ही डॉक्टर त्याला शॉक म्हणतो. त्या वेळी तोंडाने दिलेलं पोटात ठरत नाही, म्हणून शिरेतून द्यायचं. पण काय द्यायचं, हे बिहारीलालजींनी बरोबर विचारलं आहे. नुसतं पाणी देऊन भागत नाही, अळणी पाणी रक्तात टिकत नाही. मीठ असेल तर ते पाण्याला धरून ठेवतं आणि नाडी परत येते. तुझ्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट आहे.

पार्सलात दोन तऱ्हेच्या पुड्या आहेत, दोन्ही पांढऱ्याच. वर इंग्रजीत नावं आहेत, ती त्यांना वाचता येतील. एक मिठाची. दुसरी ग्लुकोजची, ती माणूस सावरल्यावर ताकद यावी म्हणून, मागाहून द्यायची. भपक्याचं, म्हणजे वाफ थंड करून धरलेलं पाणी नसेल तर गाळून खळखळ उकळलेलं घ्यावं. मापं पुड्यांवर आहेतच. आधी मिठाचं पाणी, आणि भरपूर. एवढं एकच वाक्य पाठ केलंत तरी पुरे. बिहारीलालजींना वेगळं उर्दूतून लिहिणार होतो, पण डाकेची वेळ झाली. तूच हे पत्र त्यांना वाचून दाखव.

रजा मिळेना. साथीमुळे इथेही कुणाला सोडत नाहीत.

रजनीस: तुझी मिठाची पुडी पाठवली आहे. एक मागितलीस, मामाने खोकंभर दिली. पण ती खायची नाही आणि देव करो, कधी फोडावीही लागू नये. दिवाळीला तुझ्या बाळाला बघायला येईन, तेव्हा लोणच्याची बरणी आणीन.

गिरिधर

*

देवखेडी
आषाढ वद्य ७

चि. गिरिधर,

रजनी गेली.

तार करायला अंबडला जाणारं कुणी मिळालं नाही. नरहररावांना निरोप गेला, ते आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मास्तर माणूस, ओसरीवर बसून राहिला आणि कुणी पाणी दिलं की पीत होता. काल गेले.

तुझं पार्सल वेळेवर आलं होतं, तेव्हा तुझ्याकडून काही उणं नाही. पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. सूर्य वर येईस्तोवर तू लिहिलं होतंस तस्संच सगळं झालं. डोळे, हात, सगळं. पोटातलं बाळ हलायचं थांबलं हे तिनेच मला सांगितलं. मी बिहारीलालजींना बोलावून आणलं. खोकं तिच्या उशाशी ठेवलं, नळी उकळली, आणि तुझ्या पत्रातलं पाठ करायचं ते एकच वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. आधी मिठाचं पाणी.

ते म्हणाले, "मीठा?"

मी म्हटलं, "हो, मिठाचं. आधी मिठाचं, आणि भरपूर."

हातात पुडी धरून ते घुटमळले. म्हणाले, "मीठा पैले? मैं तो उल्टा समझा था, अक्काजी." मला राग आला. पोर समोर जाऊन राहिली आहे आणि ह्यांना शंका. मी म्हटलं, हैदराबादच्या डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मग ते म्हणाले, "नई नई. डाक्टरसाब बोले तो बराबर." आणि कामाला लागले. हात फार हलका आहे त्यांचा. सुई एकदाच टोचली.

पहिली बाटली गेली तेव्हा नाडी जराशी लागली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पाय." पायांत गोळे येत होते. मी चोळत बसले. दुसरी दिली, तिसरी दिली. गोळे काही जाईनात, आणि आलेली नाडी पुन्हा बुडाली. दुपार कलली तेव्हा ती नव्हती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मला म्हणाली, तू जेव गं.

आता मी घरी बसत नाही. लोक म्हणतात, विधवा बाई सोवळंओवळं सोडून घरोघर फिरते. म्हणू देत. पटकी गावात शिरली आहे. बिहारीलालजी सुई लावतात, मी बाटली धरते, आणि सुरुवातीला तुझं ते वाक्य वाचते. आता ते मला तोंडपाठ झालं आहे. पण गिरिधर, यश येत नाही. एखादं वाचतं, बाकी जातात. तू सांगितलंस तेच पाणी सगळ्यांना बरोबर देतो. ती पूड संपत आली आहे, आणखी पाठव. दुसरी तशीच पडून आहे, ज्यांना द्यायची ते सावरायला तर हवेत.

मिठाचा नेम मी मोडला नाही. जिच्यासाठी धरला ती राहिली नाही, तरी तिच्यासाठी धरला म्हणूनच सोडवत नाही. मला एकच सांग. माझ्याकडून काही राहिलं का? तू डॉक्टर आहेस, तुला कळेल. जे असेल ते खरं लिही.

अक्का

*

(हे पत्र उर्दूत होतं.)

हैदराबाद
ता. ३ ऑगस्ट १९३७

जनाब बिहारीलालजी,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणापासून ग्लुकोजच्या पुड्या बाजूला ठेवा. नमक. आधी नमकाचं पाणी द्यायचं आहे. माझ्या पत्रात नमकच होतं. मराठीत नमकाला मीठ म्हणतात. माझ्या बहिणीने मीठ वाचलं आणि तुम्ही मीठा ऐकलंत. तुमची शंका रास्त होती. तुमचा यात काही गुन्हा नाही. गुन्हा माझा, की दोन ओळी उर्दूत लिहायला मला वेळ झाला नाही. साखरेच्या पाण्याने नाडी घटकाभर येते आणि जाते. माझ्या भाचीची तशीच गेली.

हात जोडून एक मागतो. हे माझ्या बहिणीला कळू देऊ नका. पोरीच्या उशाशी बसून ते पत्र तिने स्वतःच्या तोंडाने वाचलं, आणि तुम्ही थांबलात तेव्हा तुम्हाला पुढे लोटलं. हे तिला समजलं तर ती जगायची नाही. तिला मी वेगळं लिहितो आहे. मी लिहीन तेच तुम्ही म्हणा.

आपला
गिरिधर

*

हैदराबाद
ता. ३ ऑगस्ट १९३७

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. माझ्याने लिहवत नाही. दिवाळीची बरणी मी इथे आणून ठेवली होती.

तू विचारलंस ते आधी सांगतो. तुझ्याकडून काही राहिलं नाही. पाणी बरोबर होतं, हात बरोबर होता. काही रोगी कशानेच वाचत नाहीत, त्यात ती दोन जिवांची. यापुढे हा प्रश्न मनात आणू नकोस.

दुसरं असं. पावसाळा वाढला की या रोगाची तऱ्हा बदलते, असा इथला अनुभव आहे. म्हणून आता पडून आहेत त्या पुड्या आधी वापरा, आणि तुम्ही आजवर वापरलेल्या मागाहून. बिहारीलालजींनाही तसं कळवलं आहे. त्या पुड्यांचं दुसरं पार्सल आजच रवाना करतो. माझं जुनं पत्र आता कुणाला वाचून दाखवू नकोस. खरं तर फाडून टाक.

स्वतःला जप. अळणी खाऊन इतकं फिरणं बरं नाही.

गिरिधर

*

हैदराबाद
ता. १८ ऑगस्ट १९३७

ती. अक्कास नमस्कार.

पंधरवडा झाला, तुझं पत्र नाही. नागपंचमीला तू दरवर्षी भावाचा उपवास धरतेस आणि चार ओळी तरी लिहितेस. यंदा त्याही आल्या नाहीत. बिहारीलालजींचं कार्ड आलं. आता माणसं वाचताहेत म्हणतात. तुझ्याबद्दल एवढंच लिहिलं आहे, की अक्काजी काम करतात, बोलत नाहीत. बरी आहेस ना? रागाने का होईना, लिही.

गिरिधर

*

देवखेडी
श्रावण वद्य ४

गिरिधर,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नव्हता. आज लिहिते आहे, म्हणजे तो दिलाच असं समज.

बिहारीलालजींनी तुझा शब्द पाळला, त्यांना बोल लावू नकोस. तुझी पत्रं आली त्या दिवसापासून ते माझ्या नजरेला नजर देईनात. मला वाटलं, रोज मरण बघून माणूस थकला. तुझं पावसाचं मी खरं मानलं. खोटं वाटायचं कारणच काय, तू लहानपणी पेरू चोरलास तरी येऊन सांगायचास. मी तर वेशीत उभी राहून बायकांना सांगितलं, की पाऊस असेल तर ह्या पुड्या आणि उघडीप असेल तर त्या. माझा भाऊ हैदराबादेत डॉक्टर आहे, तो म्हणतो.

मग कचरूची बायको साळूबाई. तिची अवस्था रजनीपेक्षा वाईट होती. डोळे मिटलेले, अंग गार, कचरूने तर लाकडांची सोय बघायला माणूस धाडला होता. नव्या पुडीची पहिली बाटली अर्धी जाते न जाते तोच कचरू ओरडला, "अक्का, नाडी येऊन राह्यली." दुसरी गेली आणि पायांतले गोळे सुटले. माझ्या हाताखाली सुटले, गिरिधर. तिने डोळे उघडून विचारलं, "मी मेल्ते का वं माय?" कचरू हसत होता आणि रडत होता. मीही हसले. आणि मग त्या पायांवरचा हात माझ्याने उचलवेना. रजनीचे असे का सुटले नाहीत?

बिहारीलालजी पुढच्या बाटलीसाठी पूड पाण्यात घालत होते. थोडी माझ्या बोटांना लागली. जन्मभर चुलीशी काढलेला हात, तो तोंडात कधी गेला मला कळलं नाही. आणि जीभ खारट झाली. एकादशीपासून मिठाचा कण तोंडात गेला नव्हता, ते अंगभर कळलं.

मी म्हटलं, "बिहारीलालजी, हे तर मीठ आहे."

ते सवयीने बोलून गेले, "नई अक्काजी, ये तो नमक है. मीठा तो वो था."

मग दोघांनाही ऐकू आलं, आपण काय बोललो ते. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. माझे पाय धरायला लागले, मी धरू दिले नाहीत. साळूबाईची बाटली संपत आली होती, ती आधी बदलली. घरी येऊन मी तुझं पहिलं पत्र काढलं. फाडलं नव्हतं. त्यात सगळं नीट लिहिलेलं आहे. मीठ म्हणजे काय ते मला ठाऊक, ग्लुकोज मागाहून ते मला ठाऊक. फक्त कुठल्या पुडीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला मी गप्प केलं.

तू म्हणशील, चूक माझी. बिहारीलालजी म्हणतात, मेरी. आपण तिघं वाटून घेतली तरी पोर परत येत नाही, तेव्हा तो हिशोब मला नको. मी रागावले आहे ते दुसऱ्या कारणासाठी. मी तुला खरं विचारलं होतं. तू मला वाचवायला गेलास. मला वाचवून काय करणार होतास? माझं बोट तोंडात गेलं नसतं, तर उद्या ऊन पडल्यावर मी कुणाच्या तरी लेकीला पुन्हा साखरेचं पाणी चढवलं असतं, तुझं नाव घेऊन. तुझ्या मायेने आणखी एक आई माझ्यासारखी बसली असती. पुन्हा मला असं जपू नकोस. मी मोठी आहे तुझ्यापेक्षा.

मी जगायची नाही असं तू त्यांना लिहिलंस. त्यांनी ते पत्र मला दाखवलं, मीच मागितलं. जगते आहे. रात्री फार जड जातात, आणि पाय चोळत असल्यासारखे हात आपोआप हलतात. पण सकाळी कुणीतरी बोलवायला येतं.

वेशीतल्या सगळ्या बायकांना पुन्हा गोळा करून मी माझं बोलणं मागे घेतलं. आता एक रीत घातली आहे. पाणी तयार झालं की थेंबभर मी तळहातावर घेते आणि चाखते. बिहारीलालजी चाखतात. ते म्हणतात "नमक", मी म्हणते "मीठ", आणि मग दोघं मिळून म्हणतो "खारा". हा शब्द त्यांच्याही बोलीत आहे आणि आपल्याही. तो तेव्हा कुणालाच सुचला नाही. तू यापुढे जिथे कुठे पुड्या पाठवशील, तिथे वर हाच लिही.

नेम मोडला. कार्तिकीपर्यंत थांबले नाही. देवाला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

काल खोकं आवरलं. पहिल्या पार्सलातली एक पुडी तळाशी तशीच राहिली होती, ती मी ठेवून घेतली आहे. पोरीने तुझ्याकडे मिठाची पुडी मागितली होती, गिरिधर. तू पाठवलीही होतीस. त्या दिवशी ती तिच्या उशाशीच होती.

अक्का